श्रोत्याच्या भाषेत

बोललेले ऐकू येणे निराळे आणि पटणे निराळे. ऐकणाऱ्याचे मन वळवावयाचे तर कोणती साधने हाताशी असावीत, याचा पद्धतशीर विचार ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल याने तेवीसशे वर्षांपूर्वी केला. वक्त्याविषयीचा विश्वास, श्रोत्याच्या भावना आणि विधानामागील प्रमाण ही ती तीन साधने होत. त्यांचा उपयोग दगडावर कोरलेला पाहावयाचा असेल, तर तापीकाठच्या बऱ्हाणपुरास जावे.

तेथील जामा मशिदीत अरबी लेखाबरोबर एक संस्कृत शिलालेखही आहे. ही मशीद खानदेशचा फारुकी सुलतान आदिलशाह याने बांधविली. राजा अली खान या नावानेही तो इतिहासात प्रसिद्ध आहे. संस्कृत लेखाचा काळ विक्रम संवत् १६४६, शके १५११, म्हणजे इसवी सन १५९० चा आरंभ. नमाज पढणाऱ्यांसाठी संस्कृताची गरज नव्हती. हा लेख उघडच दुसऱ्या श्रोत्यांसाठी, राज्यातील हिंदू विद्वान आणि प्रतिष्ठित यांच्यासाठी असला पाहिजे.

लेखाचा आरंभ सृष्टिकर्त्याला वंदन करून होतो. ईश्वर अव्यक्त आहे, सर्वव्यापी आहे, नित्य आहे, गुणांच्या पलीकडचा आहे, अशी त्याची स्तुती आहे. तीत मौलवीने आक्षेप घ्यावा असे काही नाही आणि वेदान्त जाणणाऱ्या पंडिताला परके वाटावे असेही काही नाही. भावनेला घातलेली ही साद होय. पुढे फारुकी राजांची वंशावळ येते. जुन्या ताम्रपटांत राजकुळाची नामावळी देण्याची प्रथा होती. तीच येथे पाळली आहे. बोलणारा कोण, कोणाच्या कुळातला, हे कळले की विश्वासाला आधार मिळतो. शेवटी संवत्सर, मास, तिथी, नक्षत्र, योग, करण असा काळाचा तपशील आहे. कोणाही ज्योतिष्याने पंचांगाशी ताडून पाहावा, असे हे प्रमाण.

तथापि लेखाचे खरे बळ आणखी एका गोष्टीत आहे. ही मशीद स्वधर्माच्या पालनासाठी बांधली, असे राजा त्यात स्पष्ट सांगतो. तो मशिदीला देऊळ म्हणत नाही आणि आपली श्रद्धाही लपवीत नाही. तिच्यासाठी शब्द मात्र प्रजेच्या परिचयाचा निवडतो. मन वळविणे आणि फसविणे यांतील सीमारेषा हीच. श्रोत्याची भाषा स्वीकारावी, पण सत्य बदलू नये.

शब्दांच्या सामर्थ्यालाही मर्यादा असते. चंद्रसूर्य असेतोपर्यंत फारुकी वंश नांदो, अशी प्रार्थना या लेखात आहे. पुढे १५९७ मध्ये राजा अली खान मोगलांच्या बाजूने लढताना पडला. त्याच्या मुलाशी अकबराचे बिनसले आणि १६०१ च्या जानेवारीत जवळचा अशीरगड मोगलांच्या हाती गेला. फारुकींचे राज्य संपले. त्या विजयाचा फारसी लेख अकबराने याच मशिदीत कोरविला.

अकबराचा लेख जिंकल्याचे सांगतो; राजा अली खानाचा लेख समजावून सांगतो. ज्याच्यावर सत्ता चालते, त्यालाही आपले म्हणणे त्याच्या भाषेत पटवून द्यावे, असे एका राजाला वाटले होते. वंश बुडाला, तरी त्या सौजन्याची साक्ष बऱ्हाणपुरात आजही वाचता येते.