दत्तक बाळास आईचे दूध
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



ज्या विषयावर चारचौघांत बोलण्याची चाल नाही, तो आज आम्ही मुद्दाम घेतला आहे. पस्तीस वर्षे आम्ही शाळेत शिकविले. हा धडा मात्र उतारवयात आमच्या धाकट्या सूनबाईंनी आम्हांस शिकविला.

दोन वर्षांपूर्वी आमच्या चिरंजीवांनी व सूनबाईंनी तीन महिन्यांची मुलगी रीतसर दत्तक घेतली. पेढे वाटले गेले. परंतु सूनबाईंनी बाळास अंगावर घेतले, तेव्हा घरात कुजबूज सुरू झाली. "बाळंतपणावाचून पान्हा कुठून फुटणार?" असे आमचे कुटुंब म्हणाले. भेटीस आलेल्या एका ज्ञातिबांधवांनी तर "मूल कोणत्या जातीचे?" असे विचारले. आम्ही गप्प राहिलो. त्या मौनाची टोचणी अद्याप आहे. आजचे भाषण हे त्याचे प्रायश्चित्त समजावे.

गर्भारपणात स्तनांची तयारी होते हे खरे. परंतु दूध चालू राहते ते बाळाच्या चोखण्याने. त्यायोगे मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून प्रोलॅक्टिन स्रवते व दूध तयार होते. ऑक्सिटोसिनमुळे ते बाहेर येते. म्हणूनच प्रसूतीवाचूनही, नित्य चोखविल्याने, दूध येऊ शकते. सूनबाई डॉक्टरांच्या सल्ल्याने दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, बाळास पाजावयास घेत. स्तनाशी बारीक नळी चिकटवून तिचे दुसरे टोक वाटीतील पावडरीच्या दुधात ठेवीत. बाळाचे पोट भरे आणि चोखणेही होई. पाचव्या आठवड्यात पहिले थेंब दिसले. त्या दिवसापासून रात्री उठून नळी उकळण्याचे काम आमच्या कुटुंबाने आपणहून पत्करले.

दूध पुरेसे मात्र कधीच आले नाही. पुष्कळ जणींना येत नाही. वरचे दूध द्यावेच लागते, बाळाचे वजन वेळोवेळी पाहावे लागते, आणि औषध आपल्या मनाने घेऊ नये. थेंबही न आला, तरी आई उणी ठरत नाही.

१९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याने मुलीसही दत्तक घेण्याचा मार्ग मोकळा केला. दत्तक सजातीयच असावे अशी अट त्यात नाही. मुंबईस शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली मातृदुग्धपेढी निघाली. अशा पेढीत अनेक मातांनी दिलेले दूध निर्जंतुक करून अशक्त नवजातांना पाजतात. त्या दुधाला जात कोणती म्हणावी?

तेव्हा बंधुभगिनींनो, दत्तक बाळ आलेल्या घरी जाल, तर कूळ विचारू नका. बाळंतिणीस नेतो तसे डिंकाचे लाडू न्या. कार्यकारी मंडळास एकच विनंती आहे : कुटुंबसूचीत आमच्या नातीचे नाव छापताना त्यापुढे 'दत्तक' असा शेरा नसावा. ती आमची नात आहे, एवढेच पुरे.