पायथ्याचे पाणी आणि जमिनीचा कागद
(बीबी येथील सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपण बीबीकर घाटावरची माणसे. आगगाडीत बसायचे तर आधी जालना नाहीतर खामगाव गाठायचे. खामगाव-जालना रेल्वेचे बोलणे इंग्रजांच्या काळापासून चालू आहे, ते असो. आज सांगायचे आहे ते आपल्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाचे, सातपुड्याच्या पायथ्याच्या जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांचे.

1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले. पुढे अमेरिकेत यादवी पेटली आणि वऱ्हाडच्या कापसाला एकदम भाव चढला. 1867 मध्ये रूळ नागपूरला पोचले. 1870 मध्ये जलंबहून खामगावच्या कापूस बाजारापर्यंत फाटा निघाला. रूळ पूर्णेकाठच्या काळ्या जमिनीतून गेले, कारण कपाशी तिथे. जमिनीची मोजणी झाली. ज्याचे नाव सर्व्हे नंबरवर चढले तो खातेदार झाला. डोंगरातल्या कोरकू, भिलाला कुटुंबांची जमीन मात्र जंगलखात्याच्या हद्दीत राहिली.

पाण्याचेही तसेच. पायथ्याशी दगडगोट्यांचा जाड थर आहे, त्याला बझाडा म्हणतात. डोंगरातून आलेला नाला तिथे जिरतो आणि पाणी खोल जाते. त्यावर बोअर मारून खाली केळी आणि संत्री उभी राहतात. आणखी खाली खारपाणपट्टा, तिथे विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही. म्हणून सगळ्यांची नजर पायथ्याच्या पाण्यावर. वारी भैरवगडजवळच्या वान धरणावर शेती की शहरांची तहान, हा वाद आहेच. त्यात वरच्या पाड्यांचे नाव क्वचितच निघते.

आपण विचारता, काय पाठवू? धान्य पाठवा, घोंगड्या पाठवा. पण माझे मत स्पष्ट आहे: आधी कागद. 2006 च्या वनहक्क कायद्याप्रमाणे 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासीला 4 हेक्टरपर्यंत हक्क मागता येतो. दावा गावच्या वनहक्क समितीकडे द्यायचा. जुनी विहीर, झोपडीची जागा, पूर्वजांचे दफनस्थान हा पुरावा चालतो. म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाबसुद्धा चालतो. पण तो लिहून घ्यायला कोणी हवे ना! ती माणसे थकत चालली आहेत. कागद हाती आला की विहिरीच्या सरकारी अनुदानासाठी अर्ज तरी करता येईल.

ज्यांना स्वच्छ मराठीत जबाब लिहिता येतो, अशांनी उन्हाळ्याच्या सुटीत आठ दिवस द्यावेत. नावे आजच नोंदवा. राहण्या-जेवणाची सोय आम्ही करू. जायचे मात्र एसटीनेच.