एकराचा भाव ठरवते कोण?

(ब्रह्मपुरी येथील शिबिरात झालेले भाषण, 1991)



काल एका भावानं विचारलं, "सडकेवरचं वावर महाग, आमचं जंगलाकडचं स्वस्त. धान तर दोन्हीकडं पिकते. मंग एकराचा भाव ठरवते कोण?"

पहिलं पाणी. बोडीखालची बांधी पावसानं दगा दिला तरी पिकते, बरड तशीच राहते. दुसरी सडक. तिसरा कागद : सातबारा कोणाच्या नावानं, बोजा किती. हे तुम्हाला ठाऊकच आहे.

पण सरकार जमीन घेते तेव्हा भावाची वाट वेगळी. 1988 साली गोसीखुर्द धरणाची कोनशिला बसली. त्याचा कालवा आपल्या तालुक्याकडं यायचा आहे. कायदा 1894 चा, इंग्रजांचा. कलम 4 ची नोटीस निघते त्या दिवशीचा बाजारभाव धरतात, आणि तो आजूबाजूच्या रजिस्ट्र्यांवरून काढतात. आता आपल्याकडं काय चालते? समजा, एकर दहा हजारात विकला, स्टँप वाचवाले रजिस्ट्रीत सहा हजार लिहिले. साहेबापुढं सहाच हजार येतात. त्यावर 30 टक्के दिलासा रक्कम, म्हणजे अठराशे. दहावर तीन हजार झाले असते. एकरामागं 5,200 रुपये बुडाले. खोटं लिहिलं दुसऱ्यानं, बुडालो आपण.

कालव्यानं भाव वाढतो, पण ती वाढ ज्याची जमीन गेली त्याच्या मोबदल्यात धरायची नाही, असं कलम 24 सांगते. वाढ खाते तो, जो आधीच बाजूची जमीन घेऊन बसला.

काही जण म्हणतात, "36-अ कलम उठवा, आदिवासीच्या जमिनीले भाव येईल." 1974 पासून कलेक्टरच्या मंजुरीवाचून आपली जमीन गैरआदिवासीला विकता येत नाही. गिऱ्हाईक कमी, म्हणून भाव कमी, हे खरं. पण भाव एकदाच हातात येते, वावर दर साल पोसते. 1957 ते 1974 मधल्या आपल्या जमिनी परत द्यायला वेगळा कायदा करावा लागला. त्या कोणत्या भावानं गेल्या, घरच्या म्हाताऱ्यांना विचारा.

म्हणून एवढं करा. विहीर, बोडी, मोहाची झाडं पटवाऱ्याकडून नोंदवून घ्या. झाडांचा, उभ्या पिकाचा मोबदला कायद्यात आहे. कलम 9 ची नोटीस आली की दावा लेखी द्या. पैसे घेताना "हरकत राखून" लिहा, नाहीतर कलम 18 खाली कोर्टाची वाट बंद. निवाड्याच्या वेळी हजर असाल, तर अर्जाला सहाच आठवडे.

आणि जंगलातलं वावर? सातबारा नाही म्हणून त्याचा भाव शून्य लावतात. 31 मार्च 1978 च्या आधीपासून कसत असाल, तर जंगलखात्याच्या दंडाच्या पावत्या फेकू नका. दंड भरला, म्हणजे तुम्ही तिथं कसत होता, हे खात्यानंच लिहून दिलं. त्या पावत्या पुढच्या बैठकीला घेऊन या.

जोहार!