अंगठा उठत नाही तेव्हा

या वेळी तुमच्याकडं भाकऱ्या झाल्या असतील आणि भांडी घासायची राहिली असतील. राहू द्यात थोडा वेळ. ज्या हातांनी तुम्ही ती भांडी घासणार, त्या हातांविषयीच आज आम्ही बोलणार आहोत.

आम्ही एका बचत गटातल्या बाया. लसणाची चटणी, मसाले, कुरडया-पापड असं करून विकतो. बाकी वेळ शेतात. आमच्या गटात हातांच्या खाजेचा विषय निघाला तो दवाखान्यात नाही, रेशन दुकानात. आमच्यातली एक धान्य आणायला गेली. मशीनवर अंगठा ठेवला, उठला नाही. दुसरं बोट ठेवलं, तेही उठलं नाही. पदराला पुसून, फुंकर मारून पाहिलं. मागं रांग. शेवटी ती रिकामी पिशवी घेऊन घरी आली. गटाच्या बैठकीत तिनं हात पुढं केले तेव्हा आम्ही पाहिलं, बोटांच्या टोकांना भेगा, कातडं सोललेलं, रेषा पुसून गेलेल्या. ती म्हणाली, “दोन वर्षं झाली. बरं होतंय, परत येतंय. कशानं येतंय ते कळत नाही.”

मग दुसरीनं हात दाखवले. मग तिसरीनं. इतकी वर्षं आम्ही एका ताटात जेवलो, पण हळदीकुंकवाला हात पदराखाली का जातात, हे एकमेकींना कधी विचारलं नव्हतं.

आधी हे दुखणं दिसतं कसं ते सांगतो. काहींना बोटांच्या कडेला आणि तळव्यावर साबुदाण्यासारखे बारीक पाणीदार दाणे येतात. खाज अशी की रात्री झोप लागत नाही. दाणे सुकले की कातडं सोलतं, मग भेगा पडतात. मिठाचा हात लागला, मिरची लागली, की डोळ्यांत पाणी येतं. काहींना दाणे येत नाहीत, नुसता कोरडेपणा, लाली आणि भेगा. दोन-तीन आठवड्यांत हात बरे होतात. आपण म्हणतो, सुटलो. आणि महिन्याभरात परत पहिले पाढे. आपल्याकडं याला इसब म्हणतात, डॉक्टर एक्झिमा म्हणतात.

पहिली गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. इसब एकाचं दुसऱ्याला लागत नाही. ते घाणीनं होत नाही. उलट, सारखं धुतल्यानं वाढतं. घरातलं कोणी “तू कणीक मळू नको, आम्हाला होईल” असं म्हणत असेल, तर त्यांना हे ऐकवा. पिठापासून तुम्हाला थोडी विश्रांती मिळाली तर घ्या, पण ती शिक्षा म्हणून नको.

पण हाताची प्रत्येक खाज म्हणजे इसब नव्हे. बोटांच्या बेचक्यात खाज, ती रात्री वाढते आणि घरातल्या आणखी कुणाला तसंच होतंय, तर ती खरूज असू शकते. तिचं औषध सगळ्या घरानं एकाच वेळी घ्यायचं असतं. एकाच तळव्याला कोरडे खवले धरलेत आणि पायांनाही तसंच आहे, तर नायटा असू शकतो. आणि चट्टा फिकट किंवा लालसर आहे, खाजत नाही, तिथं टोचलेलं कळत नाही, तर आशाताईला लगेच दाखवा. कुष्ठरोगाची तपासणी आणि औषध सरकारी दवाखान्यात मोफत आहे, आणि वेळेवर घेतलं तर माणूस पूर्ण बरा होतो. म्हणून एकदा तरी डॉक्टरांना हात दाखवायचे. अंदाजानं औषध करायचं नाही.

अंदाजाचं औषध आम्ही सगळ्यांनी करून पाहिलंय. चुना लावला, लिंबू चोळलं, एकीनं तर रॉकेल लावलं. कढत पाण्यात हात बुडवले. कढत पाण्यानं घटकाभर बरं वाटतं, नंतर खाज दुप्पट. आणि सगळ्यांत मोठी चूक म्हणजे मेडिकलमधून आणलेली ट्यूब. “खाजेवरची द्या” म्हटलं की मिळते. बऱ्याच ट्यूबांत तीन-तीन औषधं एकत्र असतात आणि त्यात एक जोरदार स्टिरॉइड असतं. दोन दिवसांत खाज थांबते, म्हणून आपण खूश. बंद केली की परत येते, म्हणून परत लावायची. असं महिनोन्‌महिने केलं तर कातडं पातळ होतं, आणि मुळात नायटा असेल तर तो दबून आणखी पसरतो. स्टिरॉइड म्हणजे विष नव्हे. डॉक्टर इसबाला तेच देतात, पण कोणतं, किती आणि किती दिवस, हे ठरवून देतात. बहिणीची ट्यूब आपण वापरायची नाही.

आता कारणाकडं येऊ. आमच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला एक सोपं काम दिलं. म्हणाल्या, “भिंतीवर कॅलेंडर आहे ना? ज्या दिवशी हात खाजतील त्या तारखेवर ठिपका द्या. आणि आदल्या दोन दिवसांत काय-काय केलं ते पोरांकडून लिहून घ्या.” आम्ही कुंकवाचे ठिपके दिले. तीन महिने. त्यातून काय निघालं, ते तिघींचं सांगतो.

पहिलीचे ठिपके चटणीच्या ऑर्डरीच्या मागोमाग यायचे. तिच्या भेगा डाव्या हातालाच जास्त, आणि त्यातही अंगठा, त्याच्या शेजारचं बोट आणि मधलं बोट, एवढ्यालाच. उजव्या हातात विळी-सुरी, डाव्या हाताच्या या तीन बोटांत पाकळी. तिला लसूण सोसत नव्हता. जन्मभर लसूण सोलला तेव्हा काही झालं नाही, मग आताच कसं, असं आम्हाला वाटलं. पण अॅलर्जी तशीच असते. वर्षानुवर्षं चालून गेलेली वस्तू एक दिवस अंगाला चालेनाशी होते. आम्ही तिला हातमोजे घेऊन दिले, तरी फरक पडला नाही. लसणातला तो अंश बहुतेक हातमोज्यांतून पार होतो, हे आम्हाला नंतर समजलं. तिनं सोलणंच सोडलं, आणि दोन महिन्यांत बोटं भरून आली.

दुसरीचे ठिपके खुरपणीच्या दिवसांत दाटायचे. तिच्या हातांबरोबर मान, पापण्या आणि कोपराची आतली बाजूही लाल व्हायची. हे गाजर गवताचं. आपण त्याला काँग्रेस गवत म्हणतो. 1950 च्या दशकात पुण्याकडं ते पहिल्यांदा लोकांच्या नजरेत भरलं, आणि आज बांधावर, रस्त्याकडेला, शाळेच्या कुंपणाला, सगळीकडं तेच. त्याला हात लावला नाही तरी सुकलेल्या गवताची धूळ वाऱ्यानं अंगावर येते. ते फुलावर यायच्या आधी उपटायचं, उघड्या हातानं नाही, आणि ज्या बाईला त्याची अॅलर्जी आहे तिनं तर नाहीच. ती आता पूर्ण बाह्यांचा सदरा घालते, डोकं-मान बांधते, आणि घरी आल्या-आल्या अंग धुऊन कपडे बदलते. तिचं पूर्ण गेलेलं नाही, पण डोळे सुजून बंद व्हायचे ते थांबलं.

तिसरी म्हणजे रेशन दुकानातून परत आलेली. तिचे ठिपके कशाशीच जुळेनात. शेतात गेली तरी खाज, घरी बसली तरी खाज. मग ती मोठ्या दवाखान्यात गेली. तिथं त्वचा विभागात पाठीवर छोट्या-छोट्या पट्ट्या चिकटवून तपासणी करतात. प्रत्येक पट्टीखाली एकेक वस्तू असते. सिमेंटमधला क्रोम, खोट्या दागिन्यांतलं निकेल, रबरातली रसायनं, अत्तरं, असं. दोन दिवस पट्ट्या ठेवायच्या, पाठ भिजू द्यायची नाही, मग काढून पाहायचं, आणि आणखी एक-दोन दिवसांनी परत पाहायचं. तिनं एसटीनं फेऱ्या मारल्या, मजुरी बुडवली. आणि निकाल काय? काहीच निघालं नाही.

त्या दिवशी ती फार रडली. म्हणाली, “काही निघालं असतं तर बरं झालं असतं. आता घरातले म्हणतील, हिला काही झालेलंच नाही, कामाचा कंटाळा.” मैत्रिणींनो, हे आम्हाला त्या भेगांपेक्षा जास्त लागलं. आजाराला नाव-गाव नसलं की बाईलाच खोटं ठरवतात.

आम्ही तिच्याबरोबर डॉक्टरीणबाईंकडं गेलो. त्यांनी समजावून सांगितलं. आपलं कातडं म्हणजे विटांची भिंत, आणि विटांमधला गिलावा म्हणजे कातडीतली चरबी. साबण, सोडा, राख, पावडर, सारखं पाणी, यानं तो गिलावा धुऊन जातो. मग त्या फटींतून काहीही आत शिरतं आणि झोंबतं. एक कारण नसतं, दहा बारीक-बारीक कारणं मिळून होतं. त्यात घाम, उन्हाळा, थंडीतला कोरडा वारा आणि मनाची काळजीही असते. दिवसात दोन तासांहून जास्त हात ओले राहिले किंवा वीस-एक वेळा हात धुतले, तर एवढंही कातडीला जड जातं. आम्ही घरी हिशोब केला. भांडी, धुणं, सारवण, स्वयंपाक, पोरांचं, जनावरांचं. दोन तास तर आमचे सकाळीच भरतात.

डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठीवर लिहिलं होतं, “हात कोरडे ठेवा.” आम्ही हसलो. बाईमाणसानं हात कोरडे ठेवायचे म्हणजे घर कुणी चालवायचं? पण हसून झाल्यावर विचार केला. हात पूर्ण कोरडे राहणार नाहीत. ओलं काम कमी तर करता येईल?

तिच्या घरी आम्ही चौघी जाऊन बसलो. सासूबाईंशी बोललो. त्यांना वाटत होतं, हे लागण होणारं आहे. ते डोक्यातून काढलं. आता धाकटी जाऊ भांडी करते, ही निवडणं-टिपणं, दळण, झाडलोट करते. पोरं आपापलं ताट धुतात. नवऱ्यानं पहिल्यांदा कुरकुर केली. आता तो जनावरांची पाण्याची बादली स्वतः उचलतो.

गटातही आम्हाला ठरवावं लागलं. लसूण न सोलणाऱ्या बाईला मजुरी तेवढीच द्यायची का? यावर आमच्यात चांगलंच वाजलं. एक म्हणाली, “हात आमचेही झोंबतात.” खरंच होतं ते. शेवटी ठरलं की हात दुखणाऱ्या बायांनी वजन, पाकिटं आणि हिशोब करायचा, सोलण्याला पाळी लावायची, आणि मजुरी तासावर, सगळ्यांना सारखी. आजाराला दंड नाही.

आता रोजचं काय करायचं ते सांगतो, म्हणजे आजपासून करता येईल. भांडी-धुण्याच्या आधी अंगठी काढून ठेवा, साबण तिच्याखाली अडकून बसतो. पाणी कोमट, कढत नाही. हातमोजे घालायचे तर आत सुती मोजे आणि वर प्लास्टिकचे. नुसते रबरी मोजे काहींना बाधतात, आणि ते तासन्‌तास घातले तर आत घाम साचतो. हात धुतले की बोटांच्या बेचक्यांसकट टिपून घ्या आणि लगेच व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल लावा. दिवसातून एकदा नाही, दर वेळी. रात्री जाडसर लावून सुती मोजे घालून झोपा. टोमॅटो, लिंबू, मिरची, कांदा-लसूण उघड्या भेगांना लागू देऊ नका. युरिया, खत, फवारणीचं औषध उघड्या हातानं कधीच नाही. हात चांगले दिसू लागले तरी हे सोडू नका. वरून बरं दिसलं तरी आतली भिंत पक्की व्हायला कित्येक महिने लागतात. आपण तिथंच चुकतो. बरं वाटलं की सोडतो, आणि परत येतं.

भेगेतून पू आला, हात सुजला, ताप आला, तर घरी थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि रेशनचं. अंगठा उठला नाही म्हणून रिकामं परत यायचं नाही. कार्डावर नाव असलेल्या घरातल्या दुसऱ्या माणसाचा अंगठा चालतो. आपला मोबाइल नंबर आधारला जोडून ठेवा. आणि हात बरे असतील त्या दिवसांत आधार केंद्रावर जाऊन बोटांचे ठसे परत नोंदवून घ्या. आमच्या मैत्रिणीनं तेच केलं.

तिचं इसब गेलं का? नाही. परवाच्या उन्हाळ्यात परत दाणे आले. पण या वेळी तिनं पहिल्या ठिपक्यालाच ओळखलं, ट्यूब शोधत बसली नाही, डॉक्टरांनी दिलेलं मलम सांगितलेले दिवस लावलं, आणि आम्हाला निरोप दिला, “आठ दिवस मी पाकिटांवर.” आधी दोन महिने चालायचं, ते तीन आठवड्यांत उतरलं. कारण अजून सापडलेलं नाही. कदाचित सापडणारही नाही. पण आता तिला कोणी खोटं म्हणत नाही, आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिनं दोन्ही हात पुढं करून वाण घेतलं.

पुढच्या बैठकीत तुम्हीही एक करा. हिशोबाच्या आधी सगळ्यांनी आपापले हात पुढं करा आणि एकमेकींचे पाहा. कुणाचे लपलेले असतील, तर तिच्या शेजारी बसा.

येतो आम्ही. भांडी राहिली आहेत ना? अंगठी काढायला विसरू नका. नमस्कार.