राहिलेली दीड फेरी



संयोजकांनी मला ‘आयटीतील संधी’ हा विषय दिला होता. त्यातलं आपल्यापेक्षा आपल्या मुलांना जास्त कळतं, म्हणून मी तो परत केला आणि धावण्यावर बोलू द्या म्हटलं. मागच्या रांगेत जे आत्ता हसले, त्यांचं बरोबर आहे. नववीच्या क्रीडासप्ताहात आठशे मीटरच्या शर्यतीत अडीच फेऱ्या झाल्यावर पोट धरून चिंचेखाली जाऊन बसलेली मुलगी मीच. पोट दुखत नव्हतं, सर. आज कबूल करते. अजून दीड फेरी बाकी आहे हे दिसलं आणि पाय थांबले, एवढंच.

पुढे इंजिनिअरिंग, मग पुण्यात नोकरी, वीस वर्षं खुर्ची. २०२१ साली बाबांना अर्धांगवायूचा झटका आला आणि मी लॅपटॉप घेऊन नाशिकला घरी आले. दिवसा बाबा, रात्री अमेरिकेच्या वेळेनुसार मीटिंगा. वजन वाढलं, साखर काठावर आली. डॉक्टरांनी दम भरला तेव्हा आपल्या जातीच्या माणसाने करावं तेच मी केलं : मनगटी घड्याळ घेतलं, ॲप घेतलं, बारा आठवड्यांचा तक्ता लावला. गोल्फ क्लब मैदानाच्या ट्रॅकवर फेऱ्या मोजत पळायची. पाचव्या आठवड्यात एक दिवस चुकला, मग दुसरा. तक्त्यात लाल चौकोन दिसायला लागले आणि मी पुन्हा चिंचेखाली.

पुढचं काही मी ठरवून केलं नाही. एका सकाळी घड्याळ चार्ज करायचं राहिलं होतं आणि रात्री बाबांशी वाद झाला होता. रागातच गंगापूर रोडने सोमेश्वरच्या दिशेने निघाले. किती जायचं हे माहीत नव्हतं. त्या गुलमोहरापर्यंत पळू, म्हटलं. तिथे पोचल्यावर रसवंतीच्या पाटीपर्यंत. मध्ये चालले, एका गाईला वाट दिली, उतार लागला तर सुसाट सुटले. आनंदवली मागे पडलं तरी लक्षात आलं नाही. परत येताना मात्र सगळं लक्षात आलं!

नंतर वाचलं, की या प्रकाराला नाव आहे : फार्टलेक. स्वीडिश शब्द, अर्थ वेगाचा खेळ. गॉस्टा होल्मेर या स्वीडिश प्रशिक्षकाने १९३०च्या दशकात तो रुजवला. जंगलातल्या वाटांवर मनाला येईल तसं जोरात पळायचं, मनाला येईल तेव्हा हळू व्हायचं. त्याच देशाच्या गुंडर हॅगने १९४५ साली एक मैल ४ मिनिटं १.४ सेकंदांत पार केला, आणि तो विक्रम १९५४पर्यंत कुणाला मोडता आला नाही. म्हणजे हा नुसता टंगळमंगळीचा प्रकार नाही.

मला त्यातून काय मिळालं ते सांगते. तक्ता असतो तेव्हा पळायचं की थांबायचं हे तक्त्याने आधीच ठरवलेलं असतं. आपण फक्त पास किंवा नापास होतो. तक्ता नसला की प्रत्येक खांबापाशी तो निर्णय स्वतः घ्यावा लागतो. एका सकाळी तीस-चाळीस वेळा ‘अजून थोडं’ असं स्वतःला म्हणायचं. हे म्हणण्याची सवय होते. रात्री दोनला सिस्टीम बंद पडते आणि चूक कुठे आहे, किती वेळ लागेल, काहीच माहीत नसतं, तेव्हा ही सवय मला उपयोगी पडली. तिथेही पुढचा खांब तेवढा दिसतो.

नाशिकमध्ये धावण्याबद्दल बोलायचं आणि कविता राऊतचं नाव घ्यायचं नाही, असं होणार नाही. हरसूलजवळच्या सावरपाड्याची ही मुलगी, आपल्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान. डोंगरातल्या वाटांवर अनवाणी धावत मोठी झाली, मग नाशिकला विजेंदर सिंग यांच्याकडे शिकली. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये तिने कांस्य जिंकलं. त्या स्पर्धांमध्ये ट्रॅकवर वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य. दहा हजार मीटर म्हणजे चारशेच्या पंचवीस फेऱ्या, आणि मी दीड फेरीला घाबरले होते! पण एक सांगते, तिच्या त्या वाटा म्हणजे गरज होती. बूट घालून हौसेने निघणाऱ्या आपण ‘आम्हीपण तसंच’ असं म्हणू नये. आणि पदकं तिला शिस्तीच्या सरावाने मिळाली, हेही खरं. पदक हवं असेल तर तक्ता लागतोच. मला पदक नको होतं.

मला बाबांना उभं करायचं होतं. फिजिओथेरपिस्टने रोज वीस पावलं सांगितली होती. बाबा सातव्या-आठव्या पावलाला थांबायचे, आकडा ऐकूनच खचायचे. एकदा मी आकडा सांगितलाच नाही. म्हणाले, “किती चालायचंय गं?” म्हटलं, “ठरवलं नाही बाबा. त्या कॅलेंडरपर्यंत जाऊ.” मग कॅलेंडरपासून फ्रिज. मग दार. त्या दिवशी उंबरठ्यावर उभं राहून त्यांनी चार महिन्यांनी रस्ता बघितला आणि समोरच्या बंगल्याला रंग कधी दिला म्हणून विचारलं. गेल्या वर्षी ते गेले. शेवटपर्यंत सकाळी फाटकापर्यंत जाऊन पेपर स्वतः आणायचे.

मैत्रिणींनो, तुमच्यासाठी थोडं व्यवहाराचं. उजाडल्यावरच निघा, फोन जवळ ठेवा, कुत्री अंगावर आली तर पळू नका, चाला. गुडघा किंवा छाती दुखली तर ‘अजून थोडं’ म्हणायचं नाही, डॉक्टरांकडे जायचं. चाळिशी कधीच ओलांडली आहे आपण सगळ्यांनी.

उद्या सकाळी साडेसहाला मी शाळेच्या फाटकापाशी असेन. ज्यांना यायचंय त्यांनी या, घड्याळ घरी ठेवून. कुठपर्यंत जायचं ते ठरलेलं नाही. नंतर मिसळ खायची, एवढं ठरलेलं आहे. पण निघण्याआधी मैदानावर दीड फेरी मारायची आहे. चिंच तोडलीय म्हणे, त्यामुळे बसायलाही जागा नाही. सर, तुम्ही यायलाच हवं. शिट्टी मात्र आणू नका.