गावाकडं पाऊस झाला का?



चाकणला, भोसरीला फर्स्ट शिफ्ट सुटली की चहाच्या टपरीवर माणसं गावाकडं फोन लावतात. पावसाळ्यात पहिला प्रश्न ठरलेला, "पाऊस झाला का?" कुणाचं गाव शिरूरकडं, कुणाचं बीड-लातुरात. २०२३च्या ऑगस्टमध्ये पलीकडून बहुतेकांना "नाही" हेच ऐकावं लागलं. त्या महिन्यात देशात सरासरीपेक्षा ३६ टक्के पाऊस कमी पडला. १९०१पासूनच्या नोंदींत इतका कोरडा ऑगस्ट नाही. ऑक्टोबरअखेर राज्यातल्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. त्यात आपल्याच पुणे जिल्ह्यातले शिरूर, दौंड, बारामती, इंदापूर आणि पुरंदर होते. पिंपरीला पाणी देणारं पवना धरण मावळच्या डोंगरात, तिथं जुलै सहसा हात देतो. म्हणून पिंपरीच्या नळावरून शिरूरच्या विहिरीचा अंदाज येत नाही.

हा पाऊस अडवण्यात मोठा हात होता पॅसिफिक महासागराचा. विषुववृत्तावर तिथं वारे पूर्वेकडून पश्चिमेकडं वाहतात आणि वरचं तापलेलं पाणी इंडोनेशियाच्या बाजूला लोटत राहतात. काही वर्षी हे वारे मंदावतात. मग ते ऊन पाणी मागं, पेरू देशाच्या दिशेनं सरकतं. जिथं पाणी ऊन तिथं हवा वर चढते, ढग धरतात. चढणाऱ्या हवेची जागाच पूर्वेला गेली की आपल्या बाजूला हवा खाली उतरू लागते, आणि उतरणारी हवा ढगाला वाढू देत नाही. पेरूचे कोळी याला 'एल निनो', म्हणजे बाळ येशू म्हणत आले, कारण हे ऊन पाणी नाताळच्या सुमारास यायचं. मध्य पॅसिफिकचं पाणी सरासरीपेक्षा अर्धा अंश जास्त तापून महिनोन्महिने तसंच राहिलं, तर शास्त्रज्ञ एल निनो आला म्हणतात. अर्धा अंश! बादलीत हात घालून तो कळणारही नाही.

या शोधाचा एक धागा आपल्या पुण्याशी जुळतो. शिवाजीनगरच्या हवामान खात्याला जुने पुणेकर 'सिमला ऑफिस' म्हणतात, कारण मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून इथं आलं. त्याच खात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर १९०४ ते १९२४ या काळात मान्सूनचं भाकीत करायला धडपडत होते. गणिती माणूस. जगभरच्या नोंदी ताडून पाहताना त्यांना दिसलं, की पॅसिफिकवर हवेचा दाब चढला की हिंदी महासागरावर उतरतो, आणि उलटही होतं. या झोक्यामागं समुद्राचं तापमान आहे, हे मात्र १९६०च्या दशकात उलगडलं.

पण एल निनो म्हणजे दुष्काळच, असं धरून चालू नका. १९९७चा एल निनो शतकातल्या सर्वांत बलवानांपैकी होता, तरी देशाचा पाऊस सरासरीइतका झाला. आपला हिंदी महासागरही यात बोलतो. २०१९ साली आफ्रिकेकडची त्याची बाजू तापली, सुमात्राकडची थंडावली, आणि अशा वेळी आपल्या पावसाला सहसा बळ मिळतं. जून ३३ टक्के तुटीचा गेला होता, पण नंतर पाऊस इतका लागला की हंगाम ११० टक्क्यांवर संपला. मान्सूनची परतीची वाट ९ ऑक्टोबरला सुरू झाली, इतकी उशिरा पूर्वी कधीच नाही. पाठोपाठ अरबी समुद्रात 'क्यार' चक्रीवादळ उठलं. काढणीला आलेला कांदा शेतात भिजला, सडला. ज्या चाकणच्या बाजारात कांद्याचे ढीग पाहायची सवय, त्या मुलखात डिसेंबरमध्ये कांदा किरकोळीत शंभरीपार गेला.

हवामान खातं एप्रिलमध्ये पहिला अंदाज देतं. त्यात दोन्ही महासागरांच्या तापमानाबद्दल स्पष्ट लिहिलेलं असतं. बातम्यांत बहुतेकदा टक्केच ठळक येतात. मला मनापासून वाटतं, तो समुद्राचा भागही सोप्या मराठीत, गावोगावच्या शेतकऱ्याला वाचून दाखवावा. मे महिन्यात बियाण्या-खतासाठी गावी पैसे पाठवणारे हजारो हात याच चाकण-भोसरीच्या पट्ट्यात राबतात. पैसे पाठवताना त्यांना घरच्यांशी, पाऊस खंडला तर कराव्या लागणाऱ्या दुबार पेरणीबद्दल दोन शब्द बोलता येतील.