पेटीचा स्क्रू सर्वांत शेवटी



आजचा विषय ज्यांच्या दारात जुनी जीप उभी आहे त्यांच्याच जिव्हाळ्याचा आहे हे खरे. परंतु अशी जीप आपल्या मुलखात कोठे नव्हती? महायुद्ध संपल्यावर लष्करी सामानाच्या लिलावांतून बाहेर पडलेल्या विलीज गाड्या, त्यानंतर मुंबईत माझगावला जोडल्या जाऊ लागलेल्या गाड्या, आणि १९५३ साली अमेरिकेत निघून पुढे महिंद्रांच्या कारखान्यात वर्षानुवर्षे घडत राहिलेली ती उंच बॉनेटची सीजे-३बी, अशा सर्व पिढ्यांच्या जीपगाड्या मामलेदार कचेरीपासून जंगलखात्यापर्यंत आणि साखर कारखान्यापासून एखाद्या आडगावच्या मळ्यापर्यंत इमानेइतबारे राबत आल्या. त्यांच्या मालकांची आणि चालकांची एक तक्रार मात्र सर्वत्र सारखीच ऐकू येते. ती म्हणजे स्टिअरिंग ढिले झाले आहे, सरळ रस्त्यावरसुद्धा गाडी एका जागी राहत नाही, आणि चालकाला चाक एकसारखे इकडेतिकडे हलवीत बसावे लागते. या तक्रारीवर जो इलाज सर्रास केला जातो तोही सर्वत्र सारखाच असतो: मिस्त्री बॉनेट उघडतो, स्टिअरिंगच्या पेटीवरचा लॉकनट सैल करतो, मधला स्क्रू अर्धा-पाऊण फेरा आवळतो, आणि काम झाले असे सांगतो. मला माझ्या वाट्याच्या मिनिटांत जे सांगावयाचे आहे ते इतकेच की, तो स्क्रू सर्वांत शेवटी आवळावयाचा असतो, आणि पुष्कळदा तर तो आवळावयाचाच नसतो.

असे का, ते समजण्यासाठी एखादे मोठे एकत्र कुटुंब डोळ्यांपुढे आणा. आजोबा ओसरीवर बसले आहेत आणि मळ्यातले पाणी पुढच्या वाफ्यात सोडावे असा निरोप त्यांना धाडावयाचा आहे. तो ते थोरल्या सुनेला सांगतात. थोरली सून तव्यावरची भाकरी उतरवून मग धाकट्या जावेला सांगते. जाऊ नातवाला हाक मारते, नातू गोठ्यातल्या गड्याला गाठतो, आणि गडी हातातली पेंढी गव्हाणीत टाकून मळ्याकडे निघतो. यांपैकी कोणाचीही कसूर झाली असे म्हणता येणार नाही, प्रत्येकाने घेतला तो क्षणाचाच अवकाश. पण या साऱ्या क्षणांची बेरीज होऊन निरोप मळ्यात पोहोचतो तोवर पहिला वाफा फुटून गेलेला असतो. मग आजोबा रागावतात आणि तो राग निघतो थोरल्या सुनेवर, कारण ती समोर उभी असते! स्टिअरिंगची पेटी ही या घरातली थोरली सून आहे. ती बॉनेट उघडताच दिसते, तिच्यावर फिरवता येण्याजोगा एक स्क्रू आहे, आणि एवढ्याच अपराधासाठी सर्व घराच्या ढिलाईचे प्रायश्चित्त तिला घ्यावे लागते.

चालकाच्या हातचा हुकूम पेटीतून पिटमन आर्मला जातो, त्याच्याकडून ड्रॅग लिंकला, ड्रॅग लिंककडून पुढच्या अ‍ॅक्सलजवळ बसवलेल्या बेलक्रँकला, बेलक्रँककडून दोन टाय-रॉडांना, त्यांच्याकडून चाकाला वळविणाऱ्या नकलच्या भुजांना, आणि अखेरीस किंग पिन व हबची बेअरिंगे यांच्याद्वारे चाकांना. या वाटेवर प्रत्येक सांध्यात केसाएवढी झीज असली, तरी स्टिअरिंगच्या कडेवर ती चांगली तीनचार बोटे होऊन प्रकट होते. त्यातही बेलक्रँककडे मी आपले विशेष लक्ष वेधू इच्छितो. पुढेमागे सरकणाऱ्या ड्रॅग लिंकची हालचाल आडवी करून टाय-रॉडांना पोहोचविणे हे त्याचे काम, आणि दोन्ही चाकांचा निरोप त्या एकट्याच्या हातून जात असल्यामुळे त्याच्या झिजेची झळ दोन्ही चाकांना लागते. शिवाय त्याची वस्ती अगदी खाली, चिखलाच्या आणि नदीनाल्यांतल्या पाण्याच्या माऱ्यात असल्याने त्याचे ग्रीस निपल मातीच्या थराखाली असे काही दडून जाते की ते तिथे आहे याचा विसरच पडावा. आतली नीडल बेअरिंगे एकदा कोरडी पडली की ती आपल्या खुंट्यालाही खाऊन टाकतात. पेटीला वारंवार आवळणारे किती लोक या बेलक्रँकला वर्षातून एकदा तरी ग्रीस देतात? हा प्रश्न मी रागावून नव्हे, पण थोडा कळवळून विचारतो आहे.

मग तपासणी कशी करावी? ती फुकट होते आणि तिला दोन माणसांखेरीज काहीही लागत नाही. गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद ठेवा, हँडब्रेक लावून मागच्या चाकांना दगड लावा, आणि पुढची चाके सरळ ठेवा. जॅक लावू नका. हे मी मुद्दाम बजावून सांगतो, कारण चाके अधांतरी उचलली की त्यांना कसलाच विरोध राहत नाही, सारे दांडे एकसाथ सुळसुळीत हलतात आणि झिजलेला सांधा चांगल्या सांध्यात बेमालूम लपून जातो. चाके जमिनीत पाय रोवून उभी असली म्हणजेच तो उघडा पडतो. आता एकाने आसनावर बसून स्टिअरिंग हलकेच डावीउजवीकडे हलवीत राहावे, फक्त चाके वळू लागणार नाहीत इतकेच, आणि दुसऱ्याने गाडीखाली आडवे होऊन एकेका सांध्यावर हात ठेवावा. हात असा ठेवावा की तळवा एका दांड्यावर आणि बोटे त्याला जोडलेल्या दुसऱ्या दांड्यावर येतील. दोन्ही एकदम हलले तर सांधा निरोगी. तळव्याखालचा आधी हलला आणि बोटांखालचा मागाहून, तर निरोप तिथे रेंगाळतो आहे असे समजावे. डोळ्यांना जे दिसत नाही ते बोटांना नेमके कळते, आणि झिजलेल्या बॉलचा तो बारीक ‘टक्’ एकदा हाताला लागला की पुन्हा कधी शंका येत नाही.

ही तपासणी वरून खाली क्रमाने करावी. सर्वप्रथम पेटी चासीला ज्या बोल्टांनी धरली आहे त्यांवर हात ठेवा. पुष्कळ जीपगाड्यांत हे बोल्टच ढिले होऊन पेटी जागच्या जागी डुलत असते, क्वचित तिथे चासीला तडाही गेलेला असतो, आणि अशा डुलणाऱ्या पेटीच्या पोटातला स्क्रू आवळणे म्हणजे शुद्ध व्यर्थ श्रम होत. नंतर ड्रॅग लिंकची दोन्ही टोके पाहावी. त्यांतला बॉल, त्यामागची स्प्रिंग आणि आट्यांचा डाट हे बाहेर काढून रॉकेलने धुवावे, तुटकी स्प्रिंग बदलावी, डाट पूर्ण आवळून मग किंचित मागे घ्यावा आणि स्प्लिट पिन मात्र नवीच घालावी. मग बेलक्रँक, मग टाय-रॉडांची टोके. ही टोके झिजली की ती बदलणे एवढाच मार्ग आहे; ठोकून बॉल घट्ट करण्याची जी क्लृप्ती काही ठिकाणी चालते ती मी कृपा करून करू नका असे सांगेन, कारण तो सांधा निसटला तर घाटात चाक आणि चालक यांचा संबंधच तुटतो.

इतके झाल्यावर, आणि इतके झाल्यावरच, जॅक लावावा. एक चाक उचलून ते वरच्या आणि खालच्या कडेला धरून आतबाहेर हलवा. चाक डुगडुगले तर दोष हबच्या बेअरिंगात आहे की किंग पिनच्या, हे ओळखण्याची एक सुंदर युक्ती अशी की, सोबत्याला ब्रेक दाबून धरावयास सांगावे आणि पुन्हा हलवून पाहावे. डुगडुग नाहीशी झाली तर हब, कायम राहिली तर किंग पिन. कारण ब्रेक दाबला की ड्रम आणि त्यामागची तबकडी एकजीव होतात आणि हबचा खेळ झाकला जातो, किंग पिनचा झाकला जात नाही. किंग पिनच्या झाकणांखाली पत्र्याच्या पातळ शिमा असतात; त्या कमी करून बेअरिंगांना हलका दाब द्यावयाचा असतो, आणि तो किती असावा याचा दाखला कारखान्याच्या पुस्तकात स्पष्ट दिलेला आहे: टाय-रॉड सोडवून नकलच्या भुजेला ताणकाटा अडकवून ओढले असता चार ते सहा पौंडांच्या ओढीला नकल वळला पाहिजे. शाळेच्या प्रयोगशाळेतला साधा ताणकाटा यास पुरतो. पण अंदाजाने शिमा काढणारे पुष्कळ, आणि काटा लावणारे थोडे.

आता अखेर त्या पेटीकडे येतो. जीपच्या पेटीत मळसूत्री खाच असलेला एक दंडगोल असतो आणि त्या खाचेत दोन खुंट्या फिरतात. ही खाच सर्वत्र सारखी खोल नसते. सरळ जाण्याच्या स्थितीत ती मुद्दाम उथळ कोरलेली असते, म्हणजे तेथे खुंट्या घट्ट बसाव्यात आणि वळणात त्यांना थोडी मोकळीक असावी. वळणात पेटीला खेळ असणे हा दोष नव्हे, ती योजना आहे! म्हणून स्क्रू जुळवावयाचा तो नेहमी मध्यस्थितीत. ड्रॅग लिंक सोडवावी, स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून फेरे मोजावे, त्याच्या निम्म्यावर आणून थांबावे, आणि स्क्रू हळूहळू आत घेत मध्य ओलांडताना हाताला किंचित अटकाव जाणवेल तिथे लॉकनट आवळून टाकावा. दंडगोलाचा वरखाली खेळ असेल तर तो याच्याही आधी, वरच्या झाकणाखालच्या शिमांनी काढावयाचा असतो. सारे आयुष्य सरळ रस्त्यावर गेल्यामुळे मधली उथळ खाच जेव्हा झिजून कडेच्या खाचेइतकीच खोल होते, तेव्हा मात्र मध्य घट्ट करावयास जावे तर वळणात पेटी जखडते. थोरल्या सुनेला उठताबसता बोल लावले तर ती निरोप लवकर पोहोचवू लागत नाही. ती ताठर होते, आणि जे काम ती आजवर आपणहून करीत होती तेही थांबते. जखडलेल्या पेटीची जीप कुंभार्लीच्या किंवा वरंध्याच्या घाटातल्या वळणावर वळते खरी, पण वळण संपल्यावर स्टिअरिंग आपणहून परत येत नाही, आणि समोरून मालमोटार येत असता चालकाला ते दोन्ही हातांनी ओढून सरळ करावे लागते. ढिल्या स्टिअरिंगपेक्षा हे शतपटीने भयंकर आहे. पेटीत घट्ट चासी-ग्रीस कोंबण्याची चालही अशीच घातक. ते एकदा खाचेतून बाजूला सरले की परत येत नाही. तिला जाड गिअर ऑइलच हवे.

एक गोष्ट निसटून जाऊ नये म्हणून सांगतो. ढिलाई आणि भटकणे ही दोन वेगळी दुखणी आहेत. सर्व सांधे चोख झाले, पेटीही जुळली, तरी गाडी रस्त्यावर तरंगल्यासारखी चालत असेल तर कारण निरोपाच्या वाटेवर नाही, घराच्या वळणात आहे. ज्या घराला वळण असते तिथे प्रत्येक वाफ्यासाठी निरोप धाडावाच लागत नाही. जीपच्या पुढच्या अ‍ॅक्सलला तीन अंशांचा कॅस्टर दिलेला असतो, म्हणजे किंग पिनची रेषा वरच्या बाजूला तेवढी मागे झुकलेली असते, आणि त्या झुकावामुळेच चाके आपणहून सरळ राहू पाहतात. पाटे बसले, त्यांचा मधला बोल्ट तुटला, यू-बोल्ट सैल पडले, शॅकलचे बुश झिजले, किंवा कोणी हौसेने पाट्यांची पाने वाढविली, की हा झुकाव बिघडतो किंवा सारा अ‍ॅक्सलच किंचित तिरका होतो. त्याला पाटा आणि अ‍ॅक्सल यांमधल्या लोखंडी पाचरी आणि नवे बुश हाच उपाय. पेटीचा येथे काडीचाही संबंध नाही. तीच गोष्ट टो-इनची. पुढची चाके पुढच्या बाजूला मागच्यापेक्षा ३/६४ ते ३/३२ इंच जवळ असावी लागतात, आणि नवे टाय-रॉड एंड घातल्यानंतर हे माप न घेताच गाडी रस्त्यावर आणणारे मिस्त्री आपले टायर पंधरवड्यात खाऊन टाकतात. माप घेण्यास सुतळी आणि पट्टी पुरतात, फक्त चाके सपाट जमिनीवर असावीत आणि दोन्हींत हवा सारखी असावी. हवेची तर गोष्टच राहिली: एका चाकात कमी हवा असल्यामुळे बाजूला ओढणाऱ्या कितीतरी गाड्यांच्या पेट्या आजवर निष्कारण आवळल्या गेल्या आहेत.

पुढची चाके विशिष्ट वेगाला जी थडथडू लागतात, ज्याला चालक वॉबल म्हणतात, त्याविषयी मला विस्ताराने बोलावयाचे होते. त्यात किंग पिनची ढिलाई, चाकांचा तोल आणि टायरची झीज ही तिन्ही एकमेकांत गुंतलेली असतात, आणि त्यांतले कोणते आधी पाहावे याचा क्रमही ठरलेला आहे. परंतु माझी मुदत संपत आली आहे. तेवढ्यात एकच विनंती करतो. आपली गाडी गॅरेजात धाडताना मिस्त्रीच्या हाती पाना देण्याआधी त्याच्यासाठी एक सतरंजी गाडीखाली अंथरा, स्वतः आसनावर बसून स्टिअरिंग हलवीत राहा, आणि तो कोणत्या सांध्यावर हात ठेवून थांबतो ते विचारा. बेलक्रँकचे निपल त्याला सापडले नाही तर जुना ब्रश आणि रॉकेल घेऊन तिथली माती आधी धुऊन काढा.